सगळी पदकं आहेत, तरी ट्रेंट लिव्हरपूलचा लेजंड का नाही?

केदार_कोप

११ मे २०२५, लिव्हरपूलचं घरचं मैदान अँफिल्ड, समोर आर्सेनल. दुसऱ्या अर्धात ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड बदली म्हणून उतरला आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. पायात चेंडू आला की पुन्हा तेच. लीग दोन आठवडे आधीच खिशात होती, म्हणजे निकालाचा राग नव्हता. त्याच आठवड्यात त्याने जाहीर केलं होतं की करार संपतोय आणि मी जातोय. पुढे नोव्हेंबरात तो रेआल माद्रिदकडून अँफिल्डवर आला, तेव्हाही स्वागत तसंच झालं.

आता याचं खातं बघा. शहरातलाच, वेस्ट डर्बीचा मुलगा. सहाव्या वर्षी क्लबच्या अकादमीत आला आणि वीस वर्षं तिथेच राहिला. ३५४ सामने, एक चॅम्पियन्स लीग, दोन लीग विजेतेपदं. २०१९च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीतला बार्सिलोनाविरुद्धचा तो कॉर्नरही त्याचाच. पहिल्या सामन्यात ०-३ हरलेलो, दुसऱ्यात ३-० करून बरोबरी साधलेली. ७९व्या मिनिटाला समोरचा बचाव गाफील आहे हे त्या वीस वर्षांच्या पोराने हेरलं, निघून चाललेला परत वळला आणि झटक्यात कॉर्नर मारला. ओरिगीने तो गोलात घातला. तो कॉर्नर आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आणि स्टीव्हन जेरार्ड? ७१० सामने खेळला, पण लीग एकदाही जिंकला नाही. २०१४मध्ये लीग हातातोंडाशी आली असताना चेल्सीविरुद्ध पाय घसरला तो त्याचाच. २००५च्या उन्हाळ्यात, इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल जिंकून जेमतेम सहा आठवडे झाले असताना, याने क्लब सोडण्याची विनंती दिली होती. लोकांनी रस्त्यात त्याची जर्सी जाळली. दुसऱ्या दिवशी त्याने विचार बदलला आणि राहिला. आज त्याच्या लेजंड असण्याबद्दल लिव्हरपूलमध्ये कुणी चर्चासुद्धा करत नाही.

माझं मत सांगतो. क्लबचं हित आणि खेळाडूचं हित एकाच दिशेला असतं तोवर कुणीही निष्ठावंत दिसतो. ज्या दिवशी दोन्ही वाटा फुटतात त्या दिवशी तो काय करतो, ते लोक कायमचं लक्षात ठेवतात. तुम्हाला काय वाटतं? फक्त लिव्हरपूल नको, आपापल्या क्लबांबद्दल लिहा.

लेफ्टबॅक

धागा आवडला, मत पटलं नाही.

खेळाडूची कारकीर्द पंधरा वर्षांची. गुडघा गेला तर तीही नाही. क्लबला नको झालेला माणूस क्लब एका फोनवर विकतो, तेव्हा क्लबच्या निष्ठेची चौकशी कुणी करत नाही. ट्रेंटने करार पूर्ण पाळला आणि लीग जिंकून देऊन गेला. आणखी काय करायला हवं होतं?

आणि स्टेडियममधला आवाज हा पुरावाच नाही. पाओलो माल्दिनी घ्या. मिलानसाठी ९०२ सामने, पाच युरोपियन कप, सात लीग, आयुष्यात दुसरी जर्सी घातली नाही. तुमच्या कसोटीवर शंभर टक्के. २४ मे २००९ला सान सिरोवरचा त्याचा शेवटचा सामना, रोमाविरुद्ध. फेरी मारायला निघाला तर मिलानच्याच कट्टर समर्थकांच्या स्टँडमधून शिट्ट्या, आणि आधीचा कॅप्टन बारेसीची भलीमोठी जर्सी फडकवून 'कॅप्टन एकच' असं सुनावणं. का, तर त्याने कधीतरी त्यांना खडे बोल ऐकवले होते. मग माल्दिनीही लेजंड नाही म्हणायचं का?

केदार_कोप

@लेफ्टबॅक, माल्दिनीचा मुद्दा बिनतोड आहे. पण तो एका स्टँडचा राग होता. बाकीचं सान सिरो उभं राहून टाळ्या वाजवत होतं. क्लबने तीन नंबरची जर्सी निवृत्त केली, ती फक्त त्याच्या मुलांपैकी कुणी पहिल्या संघात आला तरच पुन्हा वापरायची असं ठरवून. आज त्या शिट्ट्यांचं समर्थन करणारा मिलानचा माणूस शोधून सापडणार नाही. एका दिवसाच्या आवाजावर निकाल लागत नाही हे मान्य. वीस वर्षांनी काय उरतं ते बघायचं.

बियांकोनेरी

केदार, तुमची कसोटी जिथे सगळ्यात कडक लागली ती गोष्ट सांगतो. लांबेल, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जुलै २००६. इटलीने बर्लिनमध्ये विश्वचषक जिंकला आणि त्याच महिन्यात काल्चोपोली प्रकरणाचा, म्हणजे पंचांच्या नेमणुकांवर दबाव आणण्याच्या घोटाळ्याचा, निकाल लागला. युव्हेंटसची दोन विजेतेपदं काढून घेतली, थेट सेरी बीमध्ये ढकललं, वर गुणांची वजावट. इटलीतला सगळ्यात जास्त वेळा विजेता ठरलेला क्लब दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये, तोही इतिहासात पहिल्यांदाच. कानावारो गेला, एमर्सन गेला, इब्राहिमोविच, व्हिएरा, तुराम, झांब्रोत्ता, सगळे गेले. मी त्यांना दोष देत नाही. ते मोठे खेळाडू होते, घोटाळा पदाधिकाऱ्यांचा होता आणि खेळाडूंनी त्याची शिक्षा का भोगावी?

पण पाच जण राहिले. बुफॉन, नेडव्हेड, ट्रेझेगे, कामोरानेझी आणि कॅप्टन अलेस्सांद्रो डेल पिएरो. यातले तिघे तेव्हाचे जगज्जेते. बुफॉन त्या घडीला जगातला सर्वोत्तम गोलकीपर, जगातला कुठलाही क्लब त्याला दुसऱ्या दिवशी घ्यायला तयार होता. हे लोक विश्वचषकाचं पदक घरी ठेवून रिमिनी या छोट्या क्लबच्या मैदानावर गेले आणि पहिल्याच सामन्यात १-१ बरोबरी घेऊन आले. मग पुन्हा कामाला लागले. त्या हंगामात डेल पिएरोने २० गोल केले, सेरी बीमध्ये सगळ्यात जास्त. संघ वर आला. पुढच्या वर्षी सेरी आमध्ये २१ गोल, तिथेही सगळ्यात जास्त. तेव्हा त्याने तिशी ओलांडून बराच काळ झाला होता.

नोव्हेंबर २००८मध्ये त्याने बर्नाबेऊवर रेआल माद्रिदला दोन गोल मारले आणि बाहेर जाताना माद्रिदचे प्रेक्षक उभे राहिले. ट्रेंटच्या धाग्यात हे नमूद करायला हवं, कारण आज ट्रेंट ज्या मैदानावर खेळतो तेच हे.

लेफ्टबॅक म्हणतात तेही खरं, क्लब निष्ठुर असतो. डेल पिएरोचं हे शेवटचं वर्ष, हे अध्यक्षांनी ऑक्टोबर २०११मध्ये भागधारकांच्या बैठकीत परस्पर जाहीर करून टाकलं. ज्याने सेरी बीचं वर्ष खांद्यावर घेतलं त्याला अशी वागणूक. मला अजून त्याचा राग आहे. पण १३ मे २०१२ला, अटलांटाविरुद्ध गोल करून तो बाहेर आला आणि सामना चालू असतानाच मैदानाला फेरी मारायला लागला. मैदानात खेळ सुरू होता आणि खेळाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. स्टँडमधून स्कार्फ पडत होते, तो वाकून उचलत होता. ७०५ सामने, २९० गोल. हे आकडे युव्हेंटसच्या लोकांना पाठ आहेत, पण डोळे भरतात ते रिमिनीच्या नावाने.

डावा पाय

एक भेद करू या का? लेजंड वेगळा आणि लाडका वेगळा. दिव्होक ओरिगी हा लिव्हरपूलचा लाडका. १७५ सामने, ४१ गोल, त्यात बराच काळ बाकावर. पण एव्हर्टनविरुद्ध ९६व्या मिनिटाचा गोल, बार्सिलोनाविरुद्ध दोन, माद्रिदमध्ये झालेल्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये एक. त्याचं नाव घेतलं की माणूस हसतो. जेरार्डचं नाव घेतलं की गप्प होतो.

मृण्मयी

सगळे मैदानातलं लिहिताहेत. मी मैदानाबाहेरचं लिहिते.

केनी डॅलग्लिश १९७७मध्ये सेल्टिकमधून आला. कीगनच्या जागी आला, म्हणजे लोकांच्या लाडक्याची जर्सी घालून उभा राहिला. ५१५ सामने, १७२ गोल, तीन युरोपियन कप. १९८५-८६मध्ये खेळाडू आणि व्यवस्थापक एकाच वेळी, आणि चेल्सीविरुद्ध लीग जिंकून देणारा गोलही स्वतःचाच. एवढ्यावर कुठल्याही क्लबमध्ये पुतळा उभा राहील.

पण लिव्हरपूलची माणसं डॅलग्लिशबद्दल बोलतात तेव्हा आधी १५ एप्रिल १९८९ येतो. शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियममधली, लिव्हरपूलच्या सामन्यातली चेंगराचेंगरी. ९७ माणसं गेली, कितीतरी शाळकरी मुलं. पोलिसांनी आणि काही वर्तमानपत्रांनी दोष चाहत्यांवरच ढकलला. त्या आठवड्यांत डॅलग्लिशने अँफिल्ड लोकांसाठी उघडून दिलं. खेळाडूंना आणि त्यांच्या बायकांना घेऊन घरोघरी, रुग्णालयात गेला. अंत्यविधींना जात राहिला, एका दिवसात चार-चार. स्वतः आतून किती खचलाय हे कुणाला कळू दिलं नाही. १९९१मध्ये पद सोडलं ते त्या ताणाखाली.

लोकांना खरं काय घडलं ते अधिकृतपणे ऐकायला २०१२ आणि २०१६ उजाडावं लागलं. एवढ्या वर्षांत तो त्यांच्या बाजूला होता. २०१७मध्ये अँफिल्डच्या एका स्टँडला त्याचं नाव दिलं, तेव्हा कुणी त्याचे गोल मोजले असतील असं मला वाटत नाही.

केदार, तुमची कसोटी जाण्या-राहण्याची आहे. माझी थोडी वेगळी आहे: लोकांवर वेळ आली तेव्हा तो कुठे होता? डॅलग्लिश ग्लासगोचा. जन्माने शहराचा नसलेला माणूस शहराचा झाला, आणि जन्माने शहराचा असलेला ट्रेंट परका झाला.

पेठकर

मृण्मयीताई, वाचून गलबललं.

कोल्हापुरातनं लिहितोय. आमच्याकडं क्लब म्हंजे तालीम. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, प्रॅक्टिस, खंडोबा. शाहू स्टेडियमवर पेठंच्या पेठा उतरत्यात. हंगामाच्या सुरवातीला खेळाडूंची नोंदणी झाली की कोण कुठल्या तालमीत गेला ह्याची चर्चा चहाच्या टपरीवर आठवडाभर चालती. परगावचे, परदेशी खेळाडू बी येत्यात. लोक त्यांच्यासाठी बी घसा फोडत्यात, पण ते हंगामापुरतं.

आमच्यात लेजंड तो, जो समोरच्या तालमीचा असला तरी म्हातारी माणसं त्याचं नाव अदबीनं घेत्यात. आणि खेळणं सुटल्यावर सकाळी पोरांना घेऊन मैदानावर दिसतो तो. अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या विश्वचषकात २०१७ला भारताकडनं खेळला, तवा अख्खं कोल्हापूर त्याचं झालं, कुणी पेठ इचारली नाही. पण त्याच्यासारखी पोरं घडवणारी माणसं पेठंपेठंत हायत, त्यांची नावं पेपरात येत न्हाईत.

लेफ्टबॅक

ठीक, मग बाटिस्टुटाचं काय करणार? फिओरेंटिना १९९३मध्ये सेरी बीत घसरली तेव्हा तो राहिला, वर घेऊन आला. पण २०००मध्ये गेलाच की नाही रोमाला? कशासाठी, तर लीग जिंकायला. आणि पहिल्याच वर्षी जिंकला. ट्रेंटने याहून वेगळं काय केलं? तरी फ्लॉरेन्समध्ये बाटिस्टुटा आजही दैवत आहे.

बियांकोनेरी

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, रोमाने त्याच्यासाठी ७० अब्ज लिरा मोजले, आणि फिओरेंटिना तेव्हा कर्जात बुडत होती. तो गेला तरी क्लबच्या हातात काहीतरी ठेवून गेला. ट्रेंटचा करार संपत आला होता. क्लब वर्ल्ड कपसाठी महिनाभर आधी सोडावं म्हणून माद्रिदने दिले ते सुमारे एक कोटी युरो. त्याच्यासारख्या खेळाडूसाठी ही रक्कम काहीच नाही. 'फुकट गेला' हा शब्द लिव्हरपूलकरांना का टोचतो ते यातून समजतं. दोन, नोव्हेंबर २०००मध्ये बाटिस्टुटाने फिओरेंटिनाविरुद्ध रोमाचा विजयी गोल केला आणि जल्लोष करायच्या ऐवजी रडला. ते खोटं नव्हतं, आणि फ्लॉरेन्सने ते ओळखलं.

पण फिओरेंटिनाचा विषय निघालाच आहे तर आंजेलो दि लिव्हिओचं नाव घ्यायलाच हवं. २००२मध्ये क्लबचं दिवाळं निघालं. नाव गेलं, बोधचिन्ह गेलं, 'फ्लॉरेन्शिया व्हिओला' या नावाने चौथ्या पायरीवरून नव्याने सुरुवात. दि लिव्हिओ त्याच उन्हाळ्यात इटलीकडून विश्वचषक खेळून आला होता. वय ३६. आधीच्या संघातले बाकी सगळे गेले, तो एकटा राहिला. चौथ्या दर्जाच्या लीगमधल्या छोट्या छोट्या मैदानांवर खेळला आणि २००४मध्ये क्लब सेरी आमध्ये परत आला तेव्हाही संघात होता.

आणि हा माणूस त्याआधी कुठे होता? युव्हेंटसमध्ये! फ्लॉरेन्सला युव्हेंटसचं नाव ऐकवत नाही. तिथून आलेल्याला त्यांनी डोक्यावर घेतलं. आमच्याकडे जिंकलेली त्याची सगळी पदकं बाजूला ठेवा, मला त्याचा अभिमान या एका निर्णयासाठी वाटतो.

मडगावचो

सगळी चर्चा मन लावून वाचली. एक वेगळा प्रश्न मांडतो. युरोपात क्लब शंभर-सव्वाशे वर्षं उभा असतो, म्हणून खेळाडूची निष्ठा मोजता येते. आमच्याकडे क्लबच उभा नसेल तर?

डेम्पोने पाच वेळा देशाची लीग जिंकली. २००४-०५, २००६-०७, मग आय-लीग झाल्यावर २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. २००८मध्ये आशियातल्या क्लबांच्या एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले. आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, महेश गवळी अशी घरची फळी आणि पुढे रँटी मार्टिन्स. रँटीने २०११-१२च्या हंगामात ३२ गोल केले. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर तो चेंडू घेऊन वळला की बाकड्यावरचे सगळे आधीच उभे राहायचे.

आणि २०१६मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग, तिन्ही गोव्याचे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. लीगची नवी रचना त्यांना दुय्यम करणारी होती, आणि त्यात राहायचं कशासाठी हा त्यांचा प्रश्न होता. कारण काहीही असो, ब्रह्मानंद शंखवाळकर आणि ब्रुनो कुतिन्हो ज्या साळगावकरसाठी खेळले तो क्लब राष्ट्रीय नकाशावरून गेला. आता एफसी गोवा आहे, आमचं त्यावर प्रेम आहे. स्पेनच्या कोरोने ५७ सामन्यांत ४८ गोल केले, दोनदा सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट घेतला, त्याच्यावर जीव आहे. पण तो तीन हंगाम होता. मंदार राव देसाई तर आमचा म्हापशाचा. तोही २०२०मध्ये प्रशिक्षक लोबेरांच्या मागोमाग मुंबई सिटीला गेला आणि त्याच हंगामाच्या उपांत्य फेरीत मुंबईने आम्हाला पेनल्टीवर काढलं. वाईट वाटलं, पण कुणी जर्सी जाळली नाही. इथे खेळाडूचं पोट कशावर चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

बालेवाडी

मडगावचो बाब, माझ्या मनातलं लिहिलंत. पुण्याची यादी ऐका. पुणे एफसी, २०१२-१३मध्ये आय-लीगचे उपविजेते, गेले. भारत एफसी एक हंगाम. डीएसके शिवाजियन्स गेले. एफसी पुणे सिटी २०१९मध्ये गुंडाळलं आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. मुंबईत महिंद्र युनायटेडने २००५-०६ची लीग जिंकली आणि २०१०मध्ये संघच बंद केला.

माझ्यासाठी पुणे एफसीचा लेजंड आराता इझुमी. जपानमध्ये जन्मलेला, वडिलांकडून भारतीय. जपानी पासपोर्ट सोडला, नीलकंठ खंभोळजा या नावाने भारतीय नागरिक झाला आणि भारताकडून खेळला. ज्या काळात इथली मुलं बाहेर जायचे मार्ग शोधत होती तेव्हा हा माणूस उलट दिशेने आला. बालेवाडीच्या रिकाम्या स्टँडसमोरही तो शेवटच्या मिनिटापर्यंत पळायचा. तो लेजंड आहे की नाही हे ठरवायला आता क्लब नाही, पण आम्ही शे-दोनशे माणसं आहोत.

सॉल्टलेक_ते_ठाणे

कलकत्त्यात बरीच वर्षं काढली म्हणून लिहिते. तिथे क्लब टिकलेत, त्यामुळे आठवणीही टिकल्यात. चुनी गोस्वामी १९५४ ते १९६८ फक्त मोहन बागानसाठी खेळले. जकार्ताच्या १९६२च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारताचे कॅप्टन. आणि आपल्या मुंबईकरांनी ऐकावं, १९७१-७२च्या रणजी फायनलमध्ये मुंबईसमोर उभ्या राहिलेल्या बंगालचे कॅप्टनही तेच.

पण एकाच क्लबमध्ये राहणं ही अट आहे असं मला वाटत नाही. होझे बारेटो १९९९मध्ये ब्राझीलहून आला, बागानचा 'सबुज तोता' (हिरवा पोपट) झाला, २००४मध्ये गेला, मधे आपल्या महिंद्रकडून लीगही जिंकला, आणि २००६मध्ये परत आला. परत आल्यावर कुणी हिशेब मागितला नाही. २०१२मध्ये निरोप घेतला तेव्हा मोठी माणसं पोरांसारखी रडत होती. तो बंगालीत दोन वाक्यं बोलला तरी गल्लीमोहल्ल्यात आठवडाभर त्याचीच चर्चा असायची. परक्या मुलखातल्या माणसाने आपल्याला आपलं मानलं, एवढं त्यांना पुरलं.

लेफ्टबॅक

बारेटोचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे असं मी धरतो. गेला, परत आला, प्रेम तेवढंच. ट्रेंट २७ वर्षांचा आहे. दार कायमचं बंद करू नका एवढंच म्हणतोय.

मडगावचो

एक सांगायचं राहिलं. डेम्पो परत आलाय. २०२४-२५मध्ये आय-लीगला पुन्हा उतरला, आणि प्रशिक्षक कोण, तर समीर नाईक. २०२५च्या सुपर कपमध्ये एकही परदेशी खेळाडू नसताना ईस्ट बंगालला २-२ आणि मोहन बागानला ०-० असं रोखलं. मधल्या वर्षांत समीर त्या पोरांना घेऊन गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये उभा होता. खेळाडू म्हणून तो मोठा होताच. माझ्या लेखी लेजंड झाला तो या वर्षांत.

केदार_कोप

समीर नाईकचं वाचून दि लिव्हिओ आठवला. दोघांचाही क्लब वरून खाली पडला आणि दोघेही तिथेच थांबले.

@लेफ्टबॅक, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. ट्रेंट आज लिव्हरपूलचा लेजंड नाही. लिव्हरपूलने घडवलेला सर्वोत्तम राइट बॅक आहे, आणि बार्सिलोनाच्या कॉर्नरचा धनी आहे, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. त्याने जायला माझी हरकत नव्हतीच. शेवटच्या वर्षात करारावर सही करून मग गेला असता, क्लबच्या हातात काही ठेवून गेला असता, तर बाटिस्टुटासारखा निरोप मिळाला असता. मृण्मयीच्या कसोटीवर त्याची परीक्षा अजून झालेलीच नाही, आणि ती होऊ नये अशीच इच्छा आहे.

हुर्यो मात्र मी उडवली नसती.

@बालेवाडी, आराताबद्दल स्वतंत्र धागा काढा. पुणे एफसीचे सामने पाहिलेले बरेच जण इथे आहेत, त्यांच्याकडे जे आहे ते एका जागी लिहून ठेवू.

बालेवाडी

काढतो. बालेवाडीतल्या सामन्यांचे फोटो कुणाकडे असतील तर जपून ठेवा, तिथे मागेन.